सह्याद्रीतल्या रेस्क्यू टीम आणि स्वयंसेवकांची सुरक्षा

डोंगरात कोणी दरीत पडलं किंवा वाट चुकलं की फोन जातो तो बऱ्याचदा जवळच्या ट्रेकिंग संस्थेला. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, महाबळेश्वर ट्रेकर्स, खोपोलीची यशवंती हायकर्स ही त्यातली ओळखीची नावं. ही सगळी माणसं आपापला कामधंदा सोडून धावत येणारी, पगार नाही त्यामुळे ईएसआयसारखं (कामगारांच्या सरकारी विम्यासारखं) कवचही नाही, म्हणून अपघात विमा काढणं आणि कोण गेलंय, कोण परत आलंय याची वही ठेवणं हे संस्थेलाच करावं लागतं, आणि माझ्या मते नवीन रोप (चढाईचा दोर) घेण्याआधी विम्याचा हप्ता भरावा.

पहिला नियम असा की आधी स्वतः, मग टीम, मग अडकलेला माणूस. ऐकायला कठोर वाटतं, पण उतरलेलाच जखमी झाला तर एकाऐवजी दोघांना वर काढायचं, तेही कमी हातांनी.

28 जुलै 2018 ला आंबेनळी घाटात बस कोसळून अनेक जण गेले, तेव्हा ऐन पावसाळ्यात ट्रेकर्स रोप लावून त्या खोल दरीत उतरले होते. अशा ठिकाणी खरी भीती घसाऱ्याची, म्हणजे उतारावरच्या सुट्या दगडमातीची. वरच्याच्या पायाखालून सुटलेला मुठीएवढा दगडही खालच्याचं डोकं फोडतो, म्हणून हेल्मेटशिवाय कोणी कड्याजवळ जायचं नाही, दगड सुटला की जोरात ओरडायचं आणि खाली माणूस असताना वर उगाच हालचाल करायची नाही. रोप दोन, अँकरही (रोप बांधायच्या जागा) वेगवेगळे, आणि कातळाच्या धारेवर रोप घासतो तिथे खाली जाड कापड नाहीतर जुनी सॅक. उतरायच्या आधी जोडीदार हार्नेसचं (कमरेला बांधायच्या पट्ट्याचं) बकल ओढून बघतो, कॅरॅबिनरचा (रोप अडकवायच्या कडीचा) स्क्रू बोटांनी फिरवून बघतो, वीस वर्षं डोंगरात फिरलेल्याचाही बघतो.

दम हा पण धोकाच आहे. जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, गाडीरस्ता नाही, रात्री पावसात चढून जायचं, आणि त्या चढणीवर मदतीला निघालेल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हार्ट अटॅकने मृत्यू झाला. म्हणून बीपी-शुगरवाल्यांनी, रात्रपाळी करून आलेल्यांनी ते लीडरला आधीच सांगायचं, आणि लीडर खालीच थांब म्हणाला तर थांबायचं, खाली वॉकीटॉकी आणि सामान सांभाळायला माणूस लागतोच.

कड्यावर आग्या मोहोळ असेल तर परफ्यूम, धूर, आरडाओरडा सगळं टाळायचं.

मृतदेह काढलेल्या नव्या पोरांशी दुसऱ्या दिवशी सिनियरने बोलायलाच हवं, झोप लागली का, जेवलास का, एवढं विचारलं तरी पोरं मोकळी होतात. आणि अंगातलं त्राण संपलेलं असताना पहाटे तीनला ओल्या कपड्यात एकट्याने बाइकवर घरी निघायचं नाही, पायथ्याच्या गावात दोन तास झोपायचं नाहीतर कोणाच्या तरी गाडीत बसायचं.