टिकिट टू राइड एकट्याने खेळायचा तर समोर कोण?

टिकिट टू राइड हा आगगाड्यांचा बोर्ड गेम घरात आला की थोड्याच दिवसांत एक प्रश्न हमखास निघतो, बाकीचे कोणी खेळायला नसतील तर हा एकट्याने जमतो का? बॉक्सवर २ ते ५ खेळाडू असं स्वच्छ छापलंय, नियमपुस्तिकेत एकट्या माणसासाठी काहीच नाही, तरी लोकांनी घरगुती सोलो नियम भरपूर काढलेत, त्यातले काही खरंच भारी आणि काही म्हणजे नुसता पत्ते पिसत बसायचा उद्योग. असं का होतं हे समजायचं तर जरा मागे जावं लागतं, कारण प्रवासाच्या बोर्ड गेममध्ये तुमच्या विरुद्ध नेमकं कोण खेळतंय हे दर काळात बदलत आलंय आणि सोलोचं सगळं घोडं तिथेच अडतं.

बरंच मागे म्हणजे लंडन, १७५९. जॉन जेफ्रीज नावाच्या माणसाने युरोपचा नकाशा घेऊन त्यावर आकड्यांचे टप्पे टाकले आणि भूगोल शिकवायचा खेळ म्हणून विकायला काढला. फासे नव्हते बरं का, फासा म्हणजे जुगार, सभ्य घरात कसा चालेल, म्हणून टीटोटम नावाचा बाजूंवर आकडे लिहिलेला छोटा भोवरा फिरवायचा. नियम वाचताना मजा येते. रोमला पोहोचलात तर पोपच्या पायाचं चुंबन घेतल्याच्या मूर्खपणाबद्दल थेट आइसलंडला हद्दपार आणि वर तीन डाव बाद, आता हा भूगोल आहे की प्रोटेस्टंट इंग्लंडचा टोमणा ते तुम्हीच ठरवा. पण खेळ म्हणून बघितलं तर यात तुम्हाला ठरवायचं काहीच नाही, भोवरा सांगेल तिकडे जायचं. बाकीचे खेळाडू असले काय नि नसले काय, विरुद्ध बाजूला फक्त नशीब.

पुढची शंभरेक वर्षं हाच साचा चालला. मग आली आगगाडी, आणि तिच्याबरोबर घड्याळ.

१८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, त्याच वर्षी अमेरिकेत पूर्व-पश्चिम रेल्वे जोडली गेली, आणि १८७० मध्ये जबलपूरला दोन्हीकडचे रूळ जुळून मुंबई-कलकत्ता लाइन पूर्ण झाली. जगाला चक्कर किती दिवसांत मारता येईल याचा हिशोब आता टाइमटेबल घेऊन मांडता येत होता, आणि ज्यूल व्हर्नने कादंबरीत तेच केलं, ऐंशी दिवसांची पैज लावणारा फिलिआस फॉग. त्या कादंबरीत आपली मुंबई आहे हे बरेच जण विसरतात. फॉगचा नोकर मलबार हिलच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खाऊन बूट तिथेच टाकून पळतो, मग जीआयपी रेल्वेच्या गाडीने निघालेत तर वाटेत कळतं की पेपरवाल्यांनी लाइन पूर्ण झाल्याचं छापलं असलं तरी अलाहाबादच्या अलीकडे रूळच नाहीत, म्हणून हत्ती विकत घ्यावा लागतो. (गंमत म्हणजे कादंबरीतला प्रवास १८७२ चा, तोवर खरी लाइन चालू होऊन दोन वर्षं झालेली. पण हत्तीशिवाय हिंदुस्थान कसा दाखवणार!)

मग नेली ब्लाय ही न्यूयॉर्कची पत्रकार खरंच निघाली, १४ नोव्हेंबर १८८९ ला, आणि बहात्तर दिवसांत परत आली. तिच्या पेपरने लगेच पानभर बोर्ड गेम छापला, आणि १८९० मध्ये मॅक्लॉफ्लिन ब्रदर्सने तो रंगीत बॉक्समध्ये विकायला आणला. गोल गोल आत जाणारा पट आणि एक घर म्हणजे प्रवासाचा एक दिवस. पुढे-मागे जाणं अजूनही नशिबावरच, पण आता घर म्हणजे नुसतं गाव राहिलं नाही, तारीख झाली. विरोधक म्हणून घड्याळ पटावर आलं ते असं.

यानंतर बरीच वर्षं सोडून देतो, कारण तेच फासे आणि तेच नकाशे. खरा बदल केला रेल्वेच्या जड खेळांनी. इंग्लंडच्या फ्रान्सिस ट्रेशॅमने १९७४ मध्ये १८२९ नावाचा गेम काढला, शेअर घ्या, कंपनी चालवा, षटकोनी तुकड्यांनी रूळ टाका, बसायचं तर दिवस मोडायची तयारी हवी. याच माणसाने १९८९ मध्ये जो काढला त्याचं नाव १८५३ आणि नकाशा हिंदुस्थानचा! १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ते वर्ष. त्यात ब्रॉडगेज-मीटरगेजची भानगडसुद्धा नियमांत आहे, म्हणजे इंजिनिअर लोकांसाठी मेजवानी आणि बाकीच्यांसाठी डोकेदुखी. या सगळ्या खेळांत फासा गेला आणि त्याच्या जागी समोरचा माणूस आला. तुम्हाला हवी ती वाट तो अडवणार, तुमच्या आधी रूळ टाकणार.

अ‍ॅलन मून हा या सगळ्यातून आलेला माणूस. जन्म इंग्लंडचा, करिअर अमेरिकेत, अ‍ॅव्हलॉन हिलसारख्या बोर्ड गेमच्या कंपनीत काम केलेलं. १९९० चा एअरलाइन्स, १९९८ चा एल्फेनलँड (त्याला श्पील देस यारेस, म्हणजे जर्मनीचं वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचं बक्षीस मिळालं), १९९९ चा युनियन पॅसिफिक, ओळीने बघितलंत तर दिसतं की तो दर वेळी थोडं थोडं काढून टाकतोय. शेअर काढले, पैसे काढले, आणि २००४ च्या टिकिट टू राइडमध्ये उरलं काय तर पत्ते, तिकिटं आणि आगगाडीचे प्लॅस्टिकचे डबे. डेज ऑफ वंडरने छापला, त्यालाही श्पील देस यारेस मिळालं, आणि आजवर एक कोटीपेक्षा जास्त बॉक्स गेलेत.

नियम पाच मिनिटांत सांगून होतात. रमी येणाऱ्याला तर दोन मिनिटांत, कारण हा रमीच आहे, फक्त सेट लागला की तो नकाशावर उतरवायचा. आपल्या डावाला तीनपैकी एकच काम, दोन पत्ते उचला, किंवा त्या रंगाचे पत्ते टाकून एक रूट म्हणजे दोन शहरांमधला टप्पा घ्या, किंवा नवीन तिकिटं ओढा (तिकिटावर जोडायची दोन शहरं असतात). उघड्या पाच पत्त्यांतलं इंजिन, म्हणजे कुठल्याही रंगाच्या जागी चालणारा पत्ता, उचललंत तर तो एकच पत्ता मिळतो, यावरून दर घरात एकदा तरी भांडण होतं, आणि बंद गड्डीतून इंजिन आलं तर ते चालतं, दुसरा पत्ता खुशाल घ्या. एका डब्याच्या रूटला १ पॉइंट, दोनला २, तीनला ४, चारला ७, पाचाला १०, सहाला १५, म्हणजे लांब रूटला घसघशीत फायदा. तिकीट पूर्ण झालं तर त्याचे पॉइंट, नाही झालं तर तेवढेच वजा. प्रत्येकाकडे ४५ डबे, कुणाचे दोन किंवा कमी उरले की सगळ्यांना एकेक शेवटचा डाव आणि खेळ खलास.

आता पुस्तिकेच्या पहिल्या पानावरची गोष्ट बघा. २ ऑक्टोबर १९००, फॉगच्या पैजेला बरोबर २८ वर्षं झाली म्हणून पाच जुने मित्र एका क्लबात जमतात आणि दहा लाख डॉलरची पैज लावतात, सात दिवसांत उत्तर अमेरिकेतली सगळ्यात जास्त शहरं रेल्वेने कोण फिरतो. झकास गोष्ट आहे, पण पुढे नियमांत सात दिवस कुठेच नाहीत! दिवस मोजायचे नाहीत, टाइमटेबल नाही, आणि फिरायला निघालेला माणूस रूट स्वतःच्या मालकीचा कसा करतो हेही कुणी विचारायचं नाही. मूनने फॉगचं घड्याळ गोष्टीत ठेवलं आणि खेळातून काढून टाकलं. त्याऐवजी घाई कशाची, तर समोरच्याचे डबे संपत आलेत याची.

आणि अडवण्याची. मूळ नकाशावर नॅशविल ते अटलांटा बघा, एकाच डब्याचा रूट, एकच ट्रॅक, कुठल्याही रंगाचा एक पत्ता टाकला की झालं. पॉइंट मिळतो एक. पण लॉस एंजेलिस-मायामीसारखं २० पॉइंटचं तिकीट घेऊन कोणी त्या बाजूने येत असेल आणि तुम्ही तो एक डबा आधी ठेवलात तर बिचाऱ्याला लांबून वळसा, चारपाच डबे जास्त, आणि तेवढ्यात खेळ संपला तर वजा वीस. गेम म्हणजे खरं तर हा एक डबा. दोघं-तिघं खेळताना जोड-रूटपैकी, म्हणजे शेजारीशेजारच्या दोन ट्रॅकपैकी, एकच वापरायचा हा नियमही त्यासाठीच आहे, माणसं कमी तर वाटाही कमी, म्हणजे टक्कर होतेच.

सामानाबद्दल थोडं. ११० पत्ते, आठ रंगांचे बारा-बारा आणि इंजिनं चौदा, ३० तिकिटं, पाच रंगांचे ४५-४५ डबे आणि वर प्रत्येक रंगाचे तीन जास्तीचे, हे तीन एक्स्ट्रा ज्याने ठेवायचं ठरवलं त्याचं घरात लहान मुलं असणार. पहिल्या आवृत्तीत पत्ते फारच चिमुकले होते, मोठ्या हातांना पिसताच येत नसत, लोकांनी एवढी कुरकुर केली की २००६ मध्ये १९१० नावाची पुरवणी आली, तिच्यात मोठे पत्ते, ३५ नवीन तिकिटं आणि सगळ्यात जास्त तिकिटं पूर्ण करणाऱ्याला १५ पॉइंटचा बोनस. माझ्या मते नवीन तिकिटं मिळाल्याशिवाय मूळ नकाशा लवकर शिळा होतो, कारण ३० तिकिटं पाठ होतात आणि लांब तिकीट सुरुवातीला हातात पडलं की नशीब फळफळलं. युरोप (२००५) या पुढच्या आवृत्तीत हे सुधारलंय, सहा लांब तिकिटं वेगळी काढून प्रत्येकाला एकेक वाटतात, वर बोगदे, फेरी म्हणजे बोटीचे रूट आणि तीन स्टेशनं दिलीत, रूट अडला तर स्टेशन टाकून दुसऱ्याचा एक रूट वापरता येतो. नवशिक्यांना हे आवडतं. मला थोडं मऊ वाटतं, वर सांगितलेल्या त्या एका डब्याची भीतीच जाते.

तर सोलो. मुळात या पिढीतल्या खेळांत एकट्याचा विचार कमीच असायचा, चार जण टेबलाभोवती हेच गृहीत. अ‍ॅग्रिकोलाने २००७ मध्ये सोलोचे नियम आत दिले होते, पुढे साइथ (२०१६) आणि विंगस्पॅन (२०१९) यांच्यात ऑटोमा म्हणजे पत्त्यांवर चालणारा नकली खेळाडूच बॉक्समध्ये आला, आणि आता १ ते अमुक असं छापलेलं नसेल तर लोक नाक मुरडतात. टिकिट टू राइडसाठी डेज ऑफ वंडरने २०११ मध्ये आयपॅडवर अ‍ॅप काढलं, त्यात कॉम्प्युटर विरुद्ध खेळता यायचं, पण टेबलावर खेळायचं तर जुगाड आपलंच.

दोन्ही बाजूंनी आपणच खेळायचं हा सगळ्यात सोपा प्रकार आणि सगळ्यात बेकार, समोरची तिकिटं माहीत असताना अडवणार कोणाला?

दुसरा प्रकार म्हणजे फॉगचं घड्याळ परत आणायचं, विरोधक नाही, मर्यादा घालायची आणि आपलाच स्कोअर मोडायचा. बरेच जण म्हणतात गड्डी एकदा संपली की खेळ संपला. हे ऐकायला ठीक वाटतं पण हिशोब करा, ११० पत्ते आहेत आणि सगळे ४५ डबे टाकायला पत्ते लागतात ४५, म्हणजे निम्मी गड्डी वाया घालवली तरी आरामात पोहोचता. काही दमच नाही त्यात. यावर उपाय म्हणजे आपला प्रत्येक डाव संपला की उघड्या पाचांतले दोन पत्ते बाहेर टाकायचे आणि गड्डी परत पिसायची नाही, मग घड्याळ खरं पळतं आणि नवीन तिकीट ओढायचं की नाही यावर घाम फुटतो.

तिसरा प्रकार नकली खेळाडूचा आणि मी तोच खेळतो. बहुतेक लोक त्याला पत्ता उलटून त्या रंगाचा कुठलाही रूट देतात, मग तो नकाशाभर वेड्यासारखे डबे टाकत सुटतो, अडवतो पण त्याला काही अर्थ नसतो. त्यापेक्षा त्याला खरं तिकीट द्यायचं. एक तिकीट उघडं ठेवायचं, सगळ्यात जवळची वाट शोधायची, त्याच्या डावाला त्या वाटेवरचा एखादा रूट त्याच्या पत्त्यांत बसत असेल तर तो घेतो, नाहीतर गड्डीतून दोन पत्ते घेतो, राखाडी म्हणजे कुठलाही रंग चालणाऱ्या रूटला ज्या रंगाचे जास्त असतील ते टाकतो, आणि इंजिनं कमी पडतील तिथे. वाट अडली तर नवी जवळची वाट, वाटच नसेल किंवा तिकीट पुरं झालं तर पुढचं तिकीट उघडायचं, जोड-रूट एकच चालू. तो कुठे जाणार हे दिसतं पण कधी जाणार हे दिसत नाही, आणि नॅशविल-अटलांटा पुन्हा महत्त्वाचा होतो. त्याचे डबे संपत आले की खेळ संपतो, म्हणजे माणूस आणि घड्याळ दोन्ही त्याच्यातच आले. युरोपवर हे तेवढं रंगत नाही, स्टेशनांमुळे सुटका होते. नॉर्डिक कंट्रीज (२००७) मुळातच दोघा-तिघांसाठी आखलेला घट्ट नकाशा, तिथे छान जमतं, फक्त बोगदे-फेरीमुळे नकली खेळाडूचा हिशोब थोडा वाढतो.

आणि आपल्याकडच्या लोकांनी मॅप कलेक्शनचा दुसरा खंड बघाच, २०११ चा, एका बाजूला स्वित्झर्लंड आणि दुसऱ्या बाजूला इयान व्हिन्सेंटने केलेला इंडिया, साल १९११. हा बॉक्स एकटा चालत नाही, डबे आणि रंगीत पत्ते मूळ गेममधले लागतात. यात मंडल नावाचा बोनस आहे, तिकिटावरची दोन शहरं दोन पूर्ण वेगवेगळ्या वाटांनी जोडलीत तर जास्तीचे पॉइंट, अशी तिकिटं जितकी जास्त तितका बोनस फुगत जातो. यासाठी समोर कोणी असावंच लागतं असं नाही, कोडं आपोआप तयार होतं, जाताना एक वाट आणि येताना दुसरी, आणि डबे तेच ४५. म्हणून या नकाशावर मी नकली खेळाडू बसवत नाही, दोन पत्ते बाहेर टाकायचा घड्याळवाला नियम लावतो आणि सुरुवातीलाच ठरवतो की या वेळी निदान तीन तिकिटांची मंडलं झालीच पाहिजेत, नाहीतर स्कोअर कितीही असो, हरलो.