मुंबईत लग्नाला ड्रोन उडवायचाय? सर्टिफिकेट म्हणजे परवानगी नव्हे

एअर टॅक्सीच्या गप्पा जोरात आहेत. 2024 मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, व्हर्टिपोर्टची (एअर टॅक्सी उतरायच्या-उडायच्या तळांची) मार्गदर्शक तत्त्वंही काढली. पण विजेवर चालणारं आणि जागच्या जागी वर उठणारं जे यंत्र आज सामान्य मुंबईकराच्या हातात आहे ते ड्रोन, आणि परवानग्यांत सगळ्यात जास्त अडकतो तो लग्नाचा ड्रोनवाला.

पायलट सर्टिफिकेटचं काम सोपं आहे: वय 18 ते 65, दहावी पास, डीजीसीएमान्य संस्थेत ट्रेनिंग. पासपोर्ट लागतोच, असं काही एजंट अजून ठोकून सांगतात. सप्टेंबर 2023 पासून तो लागत नाही. मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. दोन किलोपर्यंतच्या ड्रोनला पायलट सर्टिफिकेट नको, हेही अर्धंच खरं. ती सूट हौशी लोकांना. हळदीच्या शूटचे पैसे घेतले की ड्रोन 250 ग्रॅमच्या वरचा असेल तर सर्टिफिकेट हवंच.

खरा घोळ यंत्राच्या कागदांत होतो. ड्रोनच्या नोंदणी क्रमांकासाठी त्या मॉडेलचं टाइप सर्टिफिकेट, म्हणजे ते मॉडेल मान्य असल्याचा दाखला, लागतं. दुबईहून कोणीतरी आणून दिलेल्या ड्रोनला ते कुठून येणार? फेब्रुवारी 2022 पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदीच आहे. दुकानदार बिल देतो, टाइप सर्टिफिकेटचं नाव काढत नाही. विकत घेण्याआधीच विचारा.

मग जागा. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर हॉल शोधा. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत मोकळीक असते. त्याहून आत, म्हणजे पार्ले, अंधेरी, कुर्ला, वांद्रे इथे, परवानगीशिवाय नाहीच.

नकाशावर जागा हिरवी, म्हणजे मोकळी, दिसली तरी मुंबई पोलिसांचा ड्रोनबंदीचा आदेश वेगळा. तो बहुधा 30 दिवसांचा असतो, म्हणून लोक तारीख मोजून बसतात. पण एक संपायच्या सुमारास दुसरा निघतो. जुना आदेश व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून लग्नाची तारीख पक्की करू नका, ताजा आदेश बघा. त्यात सूट मिळते ती डीसीपी ऑपरेशन्सच्या (पोलिस उपायुक्तांच्या) लेखी परवानगीने. स्थानिक चौकीतल्या साहेबांचं तोंडी ‘उडवा, काही होत नाही’ कामाचं नाही. उत्तर कधी येईल याचा भरवसा देणारं कोणी नसतं, आणि मुहूर्त काही पुढे सरकत नाही. तेव्हा लेखी परवानगी हातात येईपर्यंत यजमानांकडून ड्रोनचा अ‍ॅडव्हान्स घेऊ नका.