सगळं काही १९२२ ला जळालं नाही: आयरिश पूर्वज शोधण्यामागची गोष्ट

डब्लिनला नोकरीला गेलेली आपली बरीच मंडळी ट्रॅमने फोर कोर्ट्स नावाच्या स्टॉपवरून ये-जा करतात. लिफी नदीच्या काठावर मोठ्या घुमटाची कोर्टाची इमारत आहे, तिचे फोटोही काढतात. पण आयरिश आडनावाच्या अमेरिकन नाहीतर ऑस्ट्रेलियन माणसासमोर, म्हणजे ज्याने कधीतरी आपला खापरपणजोबा शोधायला घेतलाय अशा माणसासमोर, त्या इमारतीचं नाव काढून बघा. हळहळतोच. "तिथेच सगळं जळालं" हे ठरलेलं वाक्य. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं की जळालं म्हणजे संपला विषय. नंतर वाचत गेलो तसं लक्षात आलं की त्या एका आगीच्या नावावर बरीच बिलं उगाच फाडली जातात, आणि सरकारने जे सांभाळायला म्हणून एका जागी गोळा केलं तेच जास्त गेलं, ज्याला कोणी विचारत नव्हतं ते कागद मात्र टिकले.

आधी आग. ब्रिटिशांशी झालेला १९२१ चा तह मान्य नसलेल्या आयरिश सैनिकांनी एप्रिल १९२२ मध्ये फोर कोर्ट्स ताब्यात घेतलं, २८ जूनला नव्या आयरिश सरकारने तोफा लावल्या आणि ३० जूनला प्रचंड स्फोट झाला. त्याच आवारात १८६७ पासूनचं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस होतं आणि सातशे वर्षांची कागदपत्रं तिथे रचून ठेवलेली होती. अर्धवट जळालेले कागद शहरभर उडाले, लोकांनी रस्त्यातून, अंगणातून गोळा केले. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेची घराघरांची माहिती गेली, काही तुकडे सोडले तर. मृत्युपत्रं गेली. प्रोटेस्टंट चर्चची शेकडो रजिस्टरं गेली. वाचायला म्हणून कोणीतरी बाहेर मागवलेले थोडे कागद वाचनाच्या खोलीत होते, ते तेवढे वाचले. स्फोट नक्की कोणामुळे झाला ह्यावर आयर्लंडमध्ये आजही वाद होतात, त्यात आपण नको पडायला.

पण मग १८६१, १८७१, १८८१ आणि १८९१ च्या जनगणना कुठे गेल्या? त्या त्या आगीत नव्हत्याच! १८६१ आणि १८७१ चे फॉर्म आकडेमोड झाल्यावर सरकारनेच नष्ट करून टाकले, नक्कलसुद्धा ठेवली नाही. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाची टंचाई होती म्हणून लगद्यात घातले. म्हणजे चाळीस वर्षांची माणसं सरळ रद्दीत. त्यामुळे आज पूर्ण देशाच्या म्हणाव्यात अशा जुन्या जनगणना दोनच उरल्यात, १९०१ आणि १९११ च्या, आणि दुष्काळाच्या आधी देश सोडून गेलेल्या माणसाचा वंशज शोधायला बसला की त्याच्यासमोर साठ-सत्तर वर्षांचं भगदाड असतं.

हा दुष्काळ म्हणजे १८४५ पासूनचा, बटाट्यावर रोग पडला तो. १८४१ ला आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार, १८५१ ला साधारण ६५ लाख ५० हजार. दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेने आणि तापाने मेली आणि तेवढीच किंवा जास्त जहाजात बसली. अमेरिकेच्या दोन राष्ट्राध्यक्षांचे पूर्वज ह्याच लाटेतले, केनेडींचे पणजोबा वेक्सफर्डमधून गेले आणि ओबामांच्या आईकडचा एक पूर्वज १८५० मध्ये मनीगॉल नावाच्या छोट्याशा गावातून. ओबामांचा हा धागा सापडला कारण तिथल्या प्रोटेस्टंट चर्चची जुनी नोंद गावाकडेच राहिली होती. डब्लिनला पाठवली असती तर बहुतेक गेलीच असती.

चर्चच्या रजिस्टरांची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. चर्च ऑफ आयर्लंड हे मुळात राजाश्रय असलेलं प्रोटेस्टंट चर्च, तेव्हा त्याची जुनी रजिस्टरं सरकारी दस्तऐवज ठरली आणि १८७० च्या दशकात कायदा आला की नीट जपायची सोय नसेल तर डब्लिनच्या रेकॉर्ड ऑफिसला जमा करा. हजारएक पॅरिशनी (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) जमा केली. आणि बहुसंख्य जनता होती कॅथलिक, जिला एकेकाळी जमीन घ्यायला, सरकारी नोकरी धरायला कायद्याने बंदी, तिच्या पाद्र्यांच्या वह्यांना सरकारने हिंग लावून विचारलं नाही. त्या राहिल्या चर्चच्या कपाटात, ओल लागलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या, पण राहिल्या. पुढे नॅशनल लायब्ररीने त्यांची मायक्रोफिल्म केली आणि २०१५ मध्ये सगळी पानं फुकट ऑनलाइन टाकली.

आता ही पानं उघडली की पहिला धक्का म्हणजे लॅटिन. घरात ज्याला सगळे जेम्स म्हणतात तो वहीत जाकोबुस, विल्यम म्हणजे गुलिएल्मुस, नोरा म्हणजे होनोरिया. त्यात पाद्रीबुवांचं अक्षर, म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी परवडली. पण बाप्तिस्म्याच्या एका ओळीत मिळतं किती ते बघा: बाळाचं नाव, बापाचं नाव, आईचं माहेरचं आडनाव आणि दोन धर्ममातापित्यांची, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळासाठी उभं राहणाऱ्यांची नावं. हे दोघे बहुतेकदा काका-मामा-मावशीच असतात, त्यामुळे अनुभवी शोधक आधी त्यांच्याकडे बघतो. गावात पाच पॅट्रिक मर्फी असले तरी ज्याच्या पोरांना धर्मपिता म्हणून सलग एकाच घरातली माणसं उभी राहतात तो आपला, असा अंदाज बांधता येतो. अडचण इतकीच की पश्चिमेकडच्या गरीब भागात ह्या वह्या उशिरा सुरू होतात, कित्येक ठिकाणी १८३० नंतर, काही ठिकाणी तर दुष्काळ येऊन गेल्यावर.

सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सगळ्यांसाठी सुरू झाली १ जानेवारी १८६४ ला. त्याआधी १८४५ पासून फक्त कॅथलिक नसलेल्यांची लग्नं नोंदवायचे. नोंदणीतली एक गंमत शोधणाऱ्याला हमखास चकवते. मुदत उलटून गेली की दंड, मग शेतकरी बाप सवडीने ऑफिसात जायचा आणि दंड चुकवायला जन्मतारीख सरळ पुढे ढकलून सांगायचा. त्यामुळे पोराचा बाप्तिस्मा आधी आणि जन्म नंतर असे चमत्कार कागदोपत्री भरपूर सापडतात. नवखा माणूस म्हणतो ही दोन वेगळी मुलं. नाही हो, एकच आहे.

आणि वयाचं तर विचारूच नका. १९०१ च्या फॉर्मवर ५६ वर्षांची बाई १९११ च्या फॉर्मवर ७२ वर्षांची होऊन बसते, असं घरोघरी. कारण मधल्या काळात, जानेवारी १९०९ पासून, सत्तरीच्या वरच्यांना म्हातारपणाची पेन्शन सुरू झाली, आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग. वयाचा पुरावा आणायचा कुठून, १८६४ च्या आधीची नोंदणीच नाही! मग अधिकारी विचारायचे म्हणे, मोठं वादळ आठवतंय का. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडभर भयंकर वादळ झालं होतं, ते आठवत असेल तर सत्तरी पक्की. आपल्याकडचे म्हातारे "प्लेगच्या साली जन्मलो" म्हणायचे तसलाच प्रकार, आणि साहजिकच एकाएकी सगळ्या गावाला ते वादळ आठवायला लागलं. बाकीच्यांनी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत आपलं नाव शोधून द्या असे अर्ज डब्लिनला केले, क्लार्कने जनगणना उघडून उत्तर अर्जावरच लिहिलं. पुढे जनगणना जळाली आणि हे अर्ज टिकले. कोणाच्या तरी पेन्शनच्या अर्जावर १८५१ च्या घरातल्या माणसांची नावं आज वाचायला मिळतात, मूळ पान जगात कुठेच नाही.

मधलं भगदाड बुजवायला दुसरा आधार म्हणजे कर. रिचर्ड ग्रिफिथ नावाच्या साहेबाने १८४७ ते १८६४ मध्ये सगळ्या देशाची जमीन आणि घरं ह्यांचं मूल्यांकन केलं, साधारण दहा लाख नावं आहेत त्यात. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाराचा चुलतभाऊ: कूळ कोण, मालक कोण, जमीन किती, कर लावण्याजोगी किंमत किती. फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बायकापोरं नाहीत, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. एकाच वस्तीत एकाच नावाचे दोघे असले तर पुढे बापाचं नाव लिहिलंय, पॅट्रिक मर्फी, जॉनचा. आपल्याला ह्यात काय विशेष वाटणार, आपलं तर अख्खं नावच असं असतं. आणि त्यात "हाउस, ऑफिस अँड लँड" असं लिहिलेलं दिसलं की अमेरिकेतला वंशज खूश होतो, आमच्या पणजोबांचं ऑफिस होतं! ऑफिस म्हणजे गोठा, नाहीतर कसलीतरी शेड.

ह्या यादीची गुरुकिल्ली म्हणजे टाउनलँड. हे टाउन वगैरे काही नसतं, शिवार म्हणा, वाडी म्हणा, कधी चार घरांची कधी शून्य घरांची, आणि अशी साठ हजारांच्या वर. नुसतं काउंटी कॉर्क, म्हणजे जिल्हा, माहीत असून उपयोग नाही, वाडीचं नाव पाहिजे. ती नावं मुळात गेलिक भाषेतली, १८२४ नंतर ब्रिटिशांनी सहा इंचाला एक मैल ह्या मापाचे नकाशे केले तेव्हा इंग्रजी कानाला जमतील तशी लिहिली गेली. नावाच्या सुरुवातीला बॅली म्हणजे बहुतेकदा वस्ती, किल म्हणजे बऱ्याचदा चर्च, नॉक म्हणजे टेकडी. ह्या मोजणीचा हिंदुस्थानशीही संबंध आहे बरं का, जॉर्ज एव्हरेस्ट १८२९ मध्ये आयर्लंडची मोजणी बघायला गेले आणि तिथली मापनपट्ट्यांची पद्धत त्यांनी आपल्याकडच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात वापरली.

खरी पंचाईत मात्र समुद्र ओलांडल्यावर. अमेरिकेतल्या कागदांवर जन्मस्थान म्हणून नुसतं "आयर्लंड" लिहिलेलं असतं, संपलं. वाडी सापडते ती भलत्याच ठिकाणी. बॉस्टनच्या पायलट नावाच्या पेपरात १८३१ पासून हरवलेल्या माणसांच्या जाहिराती यायच्या, अमुक पॅरिशमधला अमुक, ह्या साली निघाला, भाऊ शोधतोय. न्यूयॉर्कला १८५० मध्ये आयरिश लोकांसाठी एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक निघाली, तिथे बरेच खातेदार सही करू शकत नसत म्हणून ओळख पटवायला क्लार्क गाव, जहाज, आईबाप, भावंडं सगळं विचारून लिहून ठेवायचा. बँकेला वंशावळीत काडीचा रस नव्हता. तिला चुकीच्या माणसाला पैसे जाऊ द्यायचे नव्हते, एवढंच.

आणि नीट न तपासता धागा पकडला तर काय होतं ते अ‍ॅनी मूरच्या बाबतीत दिसलं. १ जानेवारी १८९२ ला एलिस आयलंड, म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरातलं बाहेरून येणाऱ्यांची तपासणी करायचं केंद्र, उघडलं तेव्हा पहिली उतरलेली ही कॉर्कची मुलगी, दोन धाकट्या भावांबरोबर, तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं पण मिळालं. कित्येक वर्षं सगळे सांगत होते की ती टेक्सासला गेली आणि तिथे ट्रामखाली सापडून वारली. २००६ मध्ये मेगन स्मोलेन्याक नावाच्या वंशावळ अभ्यासक बाईंनी कागद काढले तर टेक्सासची अ‍ॅनी मूर इलिनॉयमध्ये जन्मलेली निघाली! खरी अ‍ॅनी न्यूयॉर्क सोडून कुठेच गेली नव्हती, तिथल्याच गरीब वस्तीत संसार केला, दहाएक मुलं झाली, बरीचशी लहानपणीच गेली, आणि १९२४ मध्ये ती वारली तेव्हा थडग्यावर दगडसुद्धा नव्हता. तो २००८ मध्ये बसवला.

आपल्या मुंबई-पुण्याचाही ह्यात एक छोटा धागा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपाई भरपूर, आणि बॉम्बे युरोपियन पलटणीतूनच पुढे १८८१ ला रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन झाली. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन ह्यांच्या नकला लंडनला जायच्या, आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, शिवाय कंपनीच्या भरतीच्या नोंदीत शिपायाचं जन्माचं ठिकाण आणि आधीचा धंदा लिहिलेला असतो. म्हणून डब्लिनला घराण्याचा कागद जळालेला, पण पुण्याच्या छावणीतल्या पोराच्या बाप्तिस्म्याची नक्कल शाबूत, असंही होऊ शकतं.

आता डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने जगभरच्या अशा नकला गोळा करून जळालेलं रेकॉर्ड ऑफिस कॉम्प्युटरवर पुन्हा उभं केलंय, जून २०२२ मध्ये, आगीला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा. काय काय जळालं हे कळलं कसं तर रेकॉर्ड ऑफिसातल्याच हर्बर्ट वुड नावाच्या अधिकाऱ्याने १९१९ मध्ये सगळ्याची यादी छापून ठेवली होती, आगीच्या तीन वर्षं आधी.

१९२१ ची जनगणना झालीच नाही, लढाई चालू होती. पुढची झाली १८ एप्रिल १९२६ ला, तिच्यावर कायद्याने शंभर वर्षांचं कुलूप, म्हणजे उघडायची तारीख १८ एप्रिल २०२६. हे झालं दक्षिणेचं, म्हणजे ब्रिटनपासून वेगळ्या झालेल्या आयर्लंडचं. ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तर आयर्लंडने पण त्याच वर्षी जनगणना केली होती, पण तिचे फॉर्म आज नाहीत, दुसऱ्या महायुद्धात कागद कमी पडला तेव्हा लगद्यात गेले असं मानतात.