एमजी एफ घेतलीत? मग आधी पाणी बघा

इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये नोकरीला आलेली आपली बरीच मंडळी हल्ली हौसेनं जुनी एमजी एफ घेतात. दोन सीटची, टप उघडणारी, इंजिन पाठीमागे असलेली गाडी खिशाला परवडते म्हटल्यावर मोह होणारच. पण आमच्या गॅरेजात ती पहिल्यांदा येते ती बहुधा टोइंगच्या ट्रकवरून, म्हणून हे पत्रक.

१९९५ साली रोव्हरनं ही गाडी काढली ती घरातलंच सामान वापरून. सबफ्रेम (चाकं आणि इंजिन धरणारा खालचा सांगाडा) रोव्हरच्याच मेट्रो या छोट्या गाडीच्या, आणि गंमत म्हणजे मागेही मेट्रोची पुढचीच फिरवून बसवलेली. १.८ लिटरचं के सिरीज इंजिन रोव्हरच्या इतर गाड्यांत होतं, फ्रीलँडरमध्ये होतं, लोटस एलिसमध्येही होतं. त्यामुळे २००५ साली कंपनी बुडाली तरी वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, गॅस्केट यांची अडचण येत नाही. (भारतात हेक्टर विकते ती एमजी वेगळी. बिल्ला तोच, सामान एकही जुळत नाही. पुण्याहून पार्ट मागवू नका.)

जीव जातो तो पाण्यापायी, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटपायी. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, आणि मधे गाडीच्या पोटाखालून गेलेले लोखंडी पाइप. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ हे पाइप खातं. त्यात या इंजिनात कूलंट मुळातच कमी मावतं, म्हणजे थोडी गळतीसुद्धा हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) उडवायला पुरते. टेम्परेचरच्या काट्यावर विसंबू नका. पाणीच संपलं तर सेन्सर कोरडा राहतो आणि काटा वेळेवर चढत नाही. दर रविवारी, इंजिन थंड असताना, डिकी उघडून कूलंटची टाकी बघा. पातळी उतरत असेल तर भर घालत बसू नका, गाडी घेऊन या. आम्ही पाइप स्टेनलेस स्टीलचे घालतो आणि गॅस्केट स्टीलच्या अनेक थरांचं. नंतर सिस्टीममधली हवा काढायला वेळ लागतो. त्या कामाची घाई आम्ही करत नाही, तुम्हीही करायला लावू नका.

दुसरी गोष्ट सस्पेन्शन. एफमध्ये स्प्रिंग नाहीत, हायड्रागॅस आहे: नायट्रोजन आणि द्रव भरलेले गोळे, एका बाजूचं पुढचं आणि मागचं चाक नळीनं जोडलेलं. म्हणून गाडी बसते तेव्हा सहसा एक बाजू बसते. पंपानं पुन्हा उचलता येते. पण काही आठवड्यांत परत बसली तर गोळा गेला समजा, आणि चांगला गोळा शोधणं हे आमचं सगळ्यात कटकटीचं काम. ही झंझट नको असेल तर एफच्या जागी आलेली २००२ नंतरची टीएफ बघा, तिला साध्या कॉइल स्प्रिंग आहेत. आम्हाला विचाराल तर खड्ड्यांवर एफच जास्त सुखाची.

टपाची मागची प्लॅस्टिकची काच थंडीत दुमडू नका, चिरते. तिची चेन (झिप) उघडून ती आधी सपाट टाका, मगच टप खाली घ्या.

व्हीव्हीसी इंजिन (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारं) असेल तर टायमिंग बेल्ट एक नाही, दोन असतात; मागचा छोटा बेल्ट बरेच मेकॅनिक विसरतात. येताना जुनी बिलं आणा. बेल्ट कधी बदलला ते गाडीकडे बघून आम्हालाही कळत नाही.