अनेक कॉलममधला मजकूर अटीनुसार बदलणं (आर भाषा)

टेबलच्या बऱ्याच कॉलममधला मजकूर एकाच नियमाने, पण जिथे अट लागू होते तेवढ्याच ओळींत बदलायचा, हे डेटा साफ करणाऱ्यांचं रोजचं काम. आकडेवारीसाठी वापरल्या जाणाऱ्या आर भाषेत त्यासाठी बहुतेक जण डीप्लायर पॅकेज, म्हणजे टेबलांवर काम करणाऱ्या तयार फंक्शनचा संच, वापरतात. पूर्वी म्यूटेट-अ‍ॅट, म्यूटेट-इफ अशी वेगवेगळी फंक्शन होती, २०२० मधे १.०.० व्हर्जनला एकाच वेळी अनेक कॉलमवर काम करणारं अक्रॉस आलं आणि ती मागे पडली. आता म्यूटेटच्या (कॉलम बदलणाऱ्या फंक्शनच्या) आत अक्रॉस लिहून त्याला कॉलम कुठले आणि त्यांचं काय करायचं एवढंच सांगायचं.

बदलणं सोपं असतं, खरी कसोटी अट लिहिताना लागते. २०२३ मधे औरंगाबाद जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाला, पण औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमधेही आहे आणि त्याचं नाव तेच आहे, म्हणून राज्य महाराष्ट्र असेल तरच बदला अशी अट हवी. त्यातही जन्माचा जिल्हा आणि राहण्याचा जिल्हा असे दोन कॉलम असतील तर प्रत्येकाचं राज्य वेगळं असू शकतं, माणूस जन्मला बिहारमधे आणि राहतो पुण्यात, मग दोन्हीला एकच राज्याचा कॉलम लावला की जन्माचा जिल्हा चुकलाच. अशा वेळी कर-कॉलम हे फंक्शन चालू कॉलमचं नाव देतं, त्यावरून जोडीचा राज्य-कॉलम शोधता येतो.

राज्याचा रकाना रिकामा असेल तर इफ-एल्स (अट खरी तर एक, नाहीतर दुसरं देणारं फंक्शन) तिथे औरंगाबादही ठेवत नाही, थेट एनए, म्हणजे 'माहिती नाही', टाकतं, आणि एरर येत नाही म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही. एकामागून एक अटी तपासणारं केस-व्हेन रिकामी अट सोडून पुढे जातं, पण त्यात डीफॉल्ट (एकही अट न लागल्यास काय ठेवायचं ते) द्यायचं राहिलं तर अटीत न बसलेल्या सगळ्या ओळी एनए होतात, हे जास्त वाईट.

शब्दाचा तुकडा शोधून बदलणं तर टाळलेलंच बरं. 'नगर'च्या जागी 'अहिल्यानगर' टाकायला गेलं की उल्हासनगरचं उल्हासअहिल्यानगर होतं. रकान्यातला अख्खा मजकूर जुळतो का तेच बघावं.

मराठी डेटात अजून एक अडचण आहे ती म्हणजे कऱ्हाडमधला ऱ्ह, तो दोन प्रकारे टाइप होतो, एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. स्क्रीनवर दोन्ही सारखे पण तुलना केली की वेगळे, आणि युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची पद्धत) केलं तरी ते एक होत नाहीत, त्यामुळे अट लावायच्या आधी सगळ्या कॉलममधे एकच रूप करून घ्यावं लागतं.