बॅनशी

आयर्लंडच्या लोकसमजुतीतील मृत्युसूचक स्त्री. घराण्यातील कोणाचा मृत्यू जवळ आला की रात्री घराच्या आसपास तिचा विलाप ऐकू येतो, असे मानले जाई. ती मृत्यू आणत नाही. त्याची वर्दी देते आणि माणूस जाण्याआधीच त्याच्यासाठी रडते. चित्रपटांनी रूढ केलेले किंचाळणाऱ्या दुष्ट भुताचे रूप तिच्यावर अन्याय करणारे आहे.

मूळ आयरिश शब्द ‘बॅन शी’. बॅन म्हणजे स्त्री. ‘शी’ म्हणजे अलौकिक लोकांचे वसतिस्थान समजले जाणारे टेकाड, व पुढे ते लोकही. आग्नेय आयर्लंडमध्ये तिला ‘बाइव’ म्हणत आणि या नावावरूनच उगमाचा वाद उभा राहतो. प्राचीन वाङ्मयात याच नावाची, कावळ्याच्या रूपात रणभूमीवर येणारी युद्धदेवता आहे. त्यामुळे काही अभ्यासक बॅनशी तिच्यापासून निघाली असे मानतात. प्रेताजवळ शोकगीते गाणाऱ्या बायकांच्या प्रथेशी (कीनिंग) तिचे साम्य उघड आहे, पण तेवढ्याने ती ठरावीक कुळांशीच का बांधलेली, हे उलगडत नाही. पॅट्रिशिया लायसॅट यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिचा संबंध भूमी व कुळ यांचे रक्षण करणाऱ्या देवतेशी जोडला आहे. हे मत अधिक ग्राह्य वाटते. क्लेअर परगण्यातील क्रॅगली टेकडीची ईवल ही ओब्रायन घराण्याची अशीच रक्षक. क्लॉन्टार्फच्या लढाईच्या (१०१४) आदल्या रात्री तिने त्या घराण्याचा मूळपुरुष राजा ब्रायन बोरू याला त्याचा मृत्यू कळवला, असे बहुधा बाराव्या शतकातील एका ग्रंथात आहे. तेथे ती भविष्य सांगते, रडत नाही, हा फरक मात्र लक्षात ठेवावा लागतो.

‘ओ’ आणि ‘मॅक’ने सुरू होणाऱ्या आडनावांनाच, म्हणजे मूळ गेलिक आयरिश घराण्यांनाच, बॅनशी असते, हा समज सर्वत्र आढळतो, तरी फिट्झजेरल्डसारख्या नॉर्मन वंशाच्या घराण्यांच्या बॅनशीही सांगितल्या जातात.

ती दिसते क्वचित, ऐकू येते अधिक. दिसलीच तर बहुधा लांब मोकळे केस विंचरणारी म्हातारी. म्हणून वाटेत पडलेला कंगवा उचलणे अशुभ. कोणी तो घरी आणला तर ती रात्री खिडकीशी आक्रोश करते. कंगवा चुलीच्या चिमट्यात धरून बाहेर द्यावा लागतो आणि चिमटा वाकडा होऊन परत येतो. हात पुढे केला असता तर हातच गेला असता, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे.

माणूस अमेरिकेत मरण पावला तरी ती रडते ती आयर्लंडमधील त्याच्या जुन्या घरापाशी.