पंप म्हणजे कॉम्प्रेसर नव्हे

नवी मुंबईच्या महापे-ऐरोली पट्ट्यात डेटा सेंटरं वाढली, तसा एक गैरसमजही वाढला. चिपवर बसवलेल्या कोल्ड प्लेटमधून, म्हणजे चिपची उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पोकळ पट्टीतून, पंपाने ढकललेलं रेफ्रिजरंट (एसीत भरतात तसला गॅस) उकळत फिरतं, असं सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, "म्हणजे छोटा एसीच की!" नाही. गॅस तोच असू शकतो, अगदी आर-१३४ए हा नेहमीचा रेफ्रिजरंट सुद्धा. पण 'चिपचा एसी' हा शब्द मला सहन होत नाही, कारण त्यातूनच नको त्या अपेक्षा सुरू होतात.

एसी घरोघरी आहे. आतल्या कॉइलमध्ये गॅस उकळतो, बाहेरच्या युनिटमध्ये पुन्हा द्रव होतो. पंपाच्या यंत्रणेतही उकळणं आणि द्रव होणं आहेच. इथवर दोघं सारखे.

गोम दाबात आहे. द्रव किती तापमानाला उकळणार हे दाब ठरवतो. आर-१३४ए साधारण ३ बारला (बार हे दाबाचं एकक) शून्य अंशाला उकळतो, १० बारला ४० अंशांना. कॉम्प्रेसर वाफेचा दाब वाढवतो, म्हणून तोच गॅस आत थंडपणे उकळतो आणि बाहेर ५० अंशांनाही द्रव होतो. २४ अंशांच्या खोलीतली उष्णता ३५ अंशांच्या हवेत चढवायची तर हे लागतंच. पंप असं काहीच करत नाही. नळ्या आणि प्लेटमधला अडथळा पार करण्यापुरता तो दाब देतो, त्यामुळे उकळण्याचा आणि द्रव होण्याचा दाब जवळपास एकच राहतो. कंडेन्सरला, म्हणजे वाफेचा पुन्हा द्रव होतो त्या भागाला, ३५ अंशांचं पाणी दिलंत, तर प्लेट त्याहून गरमच राहणार. दुप्पट मोठा पंप लावूनही ती २० अंशांवर येणार नाही.

आणि यावी तरी कशाला? चिप ७०-८० अंशांना नीट चालते. मे महिन्यातही ऐरोलीची हवा त्याहून कितीतरी थंड असते, म्हणजे उष्णतेला उतार आयताच मिळालेला आहे. १ किलोवॅट उष्णता बाहेर काढायला चांगल्या एसीलाही २५०-३०० वॅट लागतात. इथे पंपाला मोजके वॅट पुरतात. कंडेन्सरचे पंखे किंवा पाण्याचा पंप यांचा खर्च वेगळा धरा. शिवाय ४० अंशांच्या प्लेटवर जुलैतल्या दमट हवेतही दव धरत नाही. इलेक्ट्रॉनिक्सजवळ मला तरी हीच यंत्रणा हवी.

एसीची सवय असलेल्या मेकॅनिकने एक गोष्ट मात्र उलटी शिकावी. कॉम्प्रेसरमध्ये द्रव गेला तर कॉम्प्रेसर फुटू शकतो. पंपात वाफ गेली तर पंप द्रव ढकलू शकत नाही. म्हणून पंपाआधी टाकी असते आणि द्रव उकळणबिंदूच्या काही अंश खाली ठेवतात. एसीच्या कॉइलमधून गॅस पूर्ण वाफ होऊन निघायला हवा, प्लेटमधून मात्र थोडा द्रव शिल्लक राहूनच बाहेर पडला पाहिजे. प्लेट कोरडी पडली, की चिपचं तापमान क्षणात उसळतं.